नायट्यावरची मलमं: कोणती ट्यूब घ्यावी आणि कोणती काउंटरवरच ठेवावी

औषधाच्या दुकानात ‘नायट्यावर काहीतरी चांगलं द्या’ असं म्हटलं की अनेकदा एक मिश्र मलम पुढे केलं जातं. ट्यूबवर तीन-चार औषधांची नावं बारीक अक्षरात असतात, किंमत बेताची असते आणि दोन दिवसांत खाज थांबते. या परीक्षणात सर्वांत कमी गुण याच ट्यूबला आहेत, आणि त्याची कारणं आधी सांगायला हवीत. बाकीच्या मलमांत चांगलं-वाईट, स्वस्त-महाग असा फरक आहे. हे मलम मात्र रोग वाढवतं.

अशा ट्यूबमध्ये साधारण तीन प्रकारची औषधं असतात: बुरशीवरचं (क्लोट्रिमॅझोल किंवा मायकोनॅझोल), जंतूंवरचं (नीओमायसिन, जेंटामायसिन किंवा ऑफ्लॉक्सॅसिन) आणि स्टेरॉइड (क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन). नायटा म्हणजेच गजकर्ण बुरशीमुळे होतं, त्यामुळे जंतूंवरच्या औषधाचा इथे उपयोग नाही. नीओमायसिनची तर काहींना ॲलर्जी येते आणि मूळ चट्ट्याभोवती नवीन पुरळ उठतं. खरं नुकसान स्टेरॉइड करतं. लाली आणि खाज ही शरीराने बुरशीला दिलेल्या प्रतिकाराची लक्षणं आहेत. स्टेरॉइड तो प्रतिकारच दाबून टाकतं. माणसाला वाटतं बरं वाटतंय, पण आत बुरशीला मोकळं रान मिळालेलं असतं. मलम थांबवलं की आठवडाभरात चट्टा आधीपेक्षा मोठा होऊन परत येतो. पुन्हा तेच मलम, पुन्हा तोच फेरा. काही महिन्यांनी गोलाची कडा पुसट होते, गोलात गोल दिसू लागतात, बुरशी केसांच्या मुळांत उतरते आणि तज्ज्ञ डॉक्टरलाही नुसत्या नजरेने निदान करणं अवघड होतं.

जांघेतली त्वचा पातळ असते, शिवाय घडीमुळे मलम झाकलेलं राहतं. त्यामुळे तिथे स्टेरॉइड जास्त शोषलं जातं. सलग काही आठवडे क्लोबेटासॉल लावलं तर तिथे ताणाच्या लालसर-जांभळट रेघा उमटतात. कालांतराने त्या फिकट होतात, पण जात नाहीत. हे नुकसान कायमचं असतं आणि तेही एका स्वस्त ट्यूबपायी, म्हणून त्याबद्दल इतकं ठासून लिहायचं.

सरकारनेही याची दखल घेतलेली आहे. २०१८ मध्ये त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइडं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली. त्या यादीत स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र असलेली काही मलमंही होती. तरीही घटक थोडेफार बदललेली मिश्रणं दुकानात दिसतात, म्हणून ट्यूब उलटी करून वाचण्याची जबाबदारी शेवटी ग्राहकावरच येते.

वाचायचं कसं? पुढचं मोठं नाव सोडून द्या, मागचे घटक वाचा. बुरशीनाशकांची बरीचशी नावं ‘झोल’ने संपतात: क्लोट्रिमॅझोल, किटोकोनॅझोल, ल्युलिकोनॅझोल. नावाच्या शेवटी ‘सोन’ किंवा ‘टासॉल’ दिसलं की ते स्टेरॉइड, ट्यूब परत. फ्लुओसिनोलोन आणि हायड्रोकॉर्टिसोन हीही त्याच घरातली. ब्रँडच्या नावापुढच्या शेपटाकडेही नीट लक्ष द्या. उदाहरणार्थ, कॅन्डिड क्रीममध्ये फक्त १ टक्का क्लोट्रिमॅझोल असतं, पण कॅन्डिड-बी मध्ये त्याच्या जोडीला बेक्लोमेथासोन हे स्टेरॉइड असतं. रंगसंगती आणि नाव जवळपास सारखं, काम मात्र उलटं. ‘प्लस’, ‘बी’, ‘एन’, ‘जीएम’ असं काही जोडलेलं असेल तर घटक वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

आधीच अशी ट्यूब महिनोन्महिने वापरली असेल तर? ती थांबवा, साधं बुरशीनाशक सुरू करा आणि पहिले काही दिवस खाज-लाली उसळेल हे गृहीत धरा. बरेचजण या उसळीला घाबरून जुन्याच ट्यूबकडे वळतात, आणि मग सुटका अवघड होते. खाज सहन होत नसेल तर डॉक्टर सेटिरिझिनसारखी गोळी देतात. चेहऱ्यावर लावलं असेल, चट्टे पसरलेले असतील किंवा मूल लहान असेल तर मात्र घरी प्रयोग न करता थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठावा.

आता मुळात तो नायटा आहे का, हे बघायला हवं. कडेला उंच, लालसर, खवले असलेला आणि मध्ये तुलनेने साफ होत जाणारा गोल, हळूहळू बाहेर वाढणारा, घामाने जास्त खाजणारा: ही गजकर्णाची खूण. रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुळ्या आहेत आणि घरातल्या इतरांनाही खाजतंय, तर खरूज असण्याची शक्यता अधिक, आणि तिचं औषध पूर्ण वेगळं. छाती-पाठीवर फिकट किंवा तपकिरी बारीक खवलेदार ठिपके, खाज जवळजवळ नाही, ती शिबं. तीही बुरशीचीच, पण वेगळ्या जातीची, आणि त्यांवर २ टक्के किटोकोनॅझोलचा शाम्पू चांगला चालतो. एखाद्या फिकट चट्ट्यावर खाज नाही आणि स्पर्शही नीट कळत नाही, तर मलमाच्या फंदात न पडता सरकारी दवाखान्यात कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. तिचे उपचार मोफत आहेत आणि लवकर सुरू केले तर विकृती टळते.

शंका असेल तर कडेवरचे खवले खरवडून, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात भिजवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बुरशीचे धागे लगेच दिसतात. चाचणी साधी आहे आणि स्वस्तही. मात्र आदल्या दिवसापर्यंत मलम लावत असाल तर बुरशी असूनही कदाचित दिसत नाही, म्हणून मलम लावत होतात हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

मग साध्या, एकाच घटकाच्या ट्यूबांपैकी कोणती?

क्लोट्रिमॅझोल १ टक्का हे सर्वांत जुनं, सर्वांत स्वस्त आणि सहज मिळणारं. जनऔषधी केंद्रातही मिळतं. दिवसातून दोनदा, किमान चार आठवडे लावावं लागतं. एखाद-दुसरा छोटा, नवा चट्टा असेल आणि आधी स्टेरॉइड लावलेलं नसेल तर पहिली निवड हीच. दोष एवढाच की दोनदा लावण्याची शिस्त लोकांना जमत नाही. पायांच्या बोटांमधल्या चिखल्यांसाठी तर आमचं मत सरळ याच्याच बाजूने आहे, कारण तिथे कँडिडा नावाची दुसरी बुरशीही असू शकते आणि क्लोट्रिमॅझोल दोन्हींवर चालतं. मायकोनॅझोल २ टक्के जवळपास याच पंक्तीतलं.

ल्युलिकोनॅझोल १ टक्का हे जपानमध्ये विकसित झालेलं तुलनेने नवं औषध. त्वचेच्या वरच्या थरात ते जास्त काळ टिकतं, म्हणून दिवसातून एकदाच लावलं तरी पुरतं. परदेशी माहितीपत्रकात जांघेसाठी आणि अंगासाठी एक आठवडा लिहिलेला असतो. भारतातल्या सध्याच्या चिवट नायट्याला तेवढ्यावर सोडलं तर तो परत येतो, त्यामुळे इथले डॉक्टर ते आठवडेच्या आठवडे लावायला सांगतात. किंमत क्लोट्रिमॅझोलच्या कैकपट. जांघ, नितंब असा मोठा भाग असेल, किंवा पाळ्यांच्या नोकरीमुळे दोनदा लावणं अशक्य असेल, तर पैसे वसूल होतात. हाताच्या पंजाएवढ्या एका नव्या चट्ट्यासाठी मात्र एवढा खर्च करण्याचं कारण दिसत नाही.

टर्बिनाफिन १ टक्का याची कथा वेगळी. एकेकाळी नायट्यावर याच्यासारखं औषध नव्हतं. आता भारतात ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नावाची बुरशी पसरली आहे. तिला हे नाव २०२० मध्ये मिळालं. टर्बिनाफिन ज्या एन्झाइमवर घाव घालतं, त्याच्याच जनुकात तिच्यात बदल झालेले आढळतात, आणि मग औषध लागू पडत नाही. दोन-तीन आठवडे नीट लावूनही कडा तसूभर आत सरकली नाही तर तीच ट्यूब पुन्हा विकत घेऊ नका. कँडिडावरही ते तितकं चांगलं नाही.

किटोकोनॅझोल २ टक्के क्रीम ठीक काम करतं, पण त्याच्या गोळ्या यकृतावरच्या परिणामामुळे आता नायट्यासाठी देत नाहीत. क्रीम आणि गोळी यांत गल्लत करू नका.

व्हिटफील्डचं मलम फारसं कुणी विचारत नाही, याचं वाईट वाटतं. ६ टक्के बेन्झॉइक ॲसिड आणि ३ टक्के सॅलिसिलिक ॲसिड, शंभर वर्षांहून जुना नुस्खा, एकेकाळी जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत असलेला. तळपायाच्या जाड, निबर त्वचेवर ते सोलून काढण्याचं काम छान करतं. चेहरा, जांघ, वृषण किंवा चिरलेली त्वचा मात्र याच्यापासून लांब ठेवा.

‘लावल्यावर झोंबतं म्हणजे लागू पडतंय’ ही समजूत ज्या जुन्या झोंबऱ्या लोशनांवर आणि मलमांवर चालते, त्यांतल्या अनेकांचा जोर सॅलिसिलिक ॲसिड, फिनॉल अशा द्रव्यांवर असतो. वरची कातडी सोलली जाते, बुरशीचा थोडा भाग तिच्याबरोबर निघतो, खालचा राहतो. वृषणावर असं लोशन लावून कातडी भाजून येणारे रुग्ण त्वचाविभागात नवीन नाहीत. कच्चा लसूण चोळणं आणि बिब्बा लावणं यांनी खरोखर भाजतं, फोड येतात, वर जंतुसंसर्ग होतो. टाकळ्याचा पाला वाटून लावण्याची कोकणातली पद्धत तेवढी घातक नाही, पण महिनाभर त्याच्यावर विसंबून बुरशीला पसरायला वेळ देऊ नये. पावसाळ्यात टाकळ्याची भाजी जरूर खावी, नायट्याला ट्यूबच लावावी.

ट्यूब बरोबर असूनही औषध हरतं ते बहुतेक वेळा प्रमाणामुळे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून जी सरळ रेघ निघते, ती साधारण अर्धा ग्रॅम. एवढ्यात मोठ्या माणसाच्या बोटांसह दोन तळव्यांएवढी जागा झाकली जाते. आता हिशोब करा. दोन्ही जांघा आणि आसपासची जागा मिळून चार तळवे धरले तर एका वेळेला १ ग्रॅम, दिवसातून दोनदा म्हणजे २ ग्रॅम. चार आठवड्यांना ५६ ग्रॅम लागतात. १५ ग्रॅमची एक ट्यूब आठवड्यात संपते. तीच ट्यूब जर महिनाभर पुरली असेल तर औषध पाव प्रमाणात लागलंय, आणि ‘हे मलम काही कामाचं नाही’ हा निष्कर्ष त्यातूनच निघतो. खरेदी करताना पाकिटाची किंमत भागिले ग्रॅम असा भाव काढा. मोठी ट्यूब बहुधा स्वस्त पडते.

लावण्याची रीत अशी. अंघोळ करून अंग पूर्ण कोरडं करा. चट्टा पुसायचं फडकं वेगळं ठेवा आणि तो शेवटी पुसा. दिसणाऱ्या कडेच्या २ सेंटिमीटर बाहेरून सुरुवात करून आत या. बुरशी कडेच्या पुढे, अजून लाल न झालेल्या त्वचेतही असते. मधल्या साफ दिसणाऱ्या भागालाही लावा. पातळ थर, हलक्या हाताने. पांढरा लेप दिसत असेल तर जास्त झालं. हात साबणाने धुवा. कपडे घालण्यापूर्वी पाच-दहा मिनिटं थांबा, नाहीतर अर्धं औषध चड्डीला लागतं. जांघेतले केस रेझरने काढू नका, बारीक चिरा पडून संसर्ग पसरतो. कात्रीने आखूड करा.

आणि थांबायचं कधी? खाज पहिल्या आठवड्यातच कमी होते, नेमकी तिथेच बहुतेक ट्यूब कपाटात जाते. खवले आणि उंचवटा पूर्ण गेल्यानंतरही आणखी दोन आठवडे लावत राहा. मागे उरणारा तपकिरी-काळा डाग म्हणजे बुरशी नव्हे. तो फिकट व्हायला महिने लागतात आणि त्याच्यावर बुरशीनाशक घासून काही मिळत नाही. डाग सपाट, गुळगुळीत आणि न खाजणारा असेल तर काम झालेलं आहे.

क्लोट्रिमॅझोलची पावडर उपचार म्हणून विकत घेऊ नका. ओल्या घडीत तिचे गोळे होतात आणि औषध त्वचेत पुरेसं उतरत नाही. बरं झाल्यावर, उन्हाळ्या-पावसाळ्यात, बुटांत आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला शिंपडायला ती उत्तम. औषधी साबणाबद्दल फारसं लिहिण्यासारखं नाही: दोन मिनिटांत धुऊन जाणाऱ्या फेसातून फार काही साधत नाही, वर त्वचा कोरडी पडून खाजते. साधा सौम्य साबण पुरे.

कपड्यांच्या बाबतीत मात्र हयगय नको, कारण परत-परत होणाऱ्या नायट्याचं मूळ अनेकदा तिथेच असतं. ३० अंशांच्या थंड धुण्यात बुरशी मरत नाही. मशीनला ६० अंशांचा पर्याय असेल तर तो लावा. नसेल तर चड्ड्या, बनियन, मोजे, टॉवेल वेगळ्या बादलीत कडक गरम पाण्यात साबणपूड टाकून अर्धा तास भिजवा. घरातल्या इतरांच्या कपड्यांच्या ढिगात ते टाकू नका. उलटे करून उन्हात वाळवा. मुंबईत किंवा कोकणात जुलैमध्ये ऊन कुठून आणायचं, हा प्रश्न खराच आहे. तिथे इस्त्री उपयोगी पडते: आतल्या बाजूने, शिवणीवरून आणि इलॅस्टिकच्या पट्टीवरून गरम इस्त्री, कपडा पूर्ण सुकेपर्यंत. दमट चड्डी अंगावर सुकेल म्हणून घालणं म्हणजे उपचारावर पाणी. घट्ट जीन्स आणि लेगिंग्ज उपचारापुरत्या तरी बाजूला ठेवून सैल सुती कपडे वापरा.

करदोड्याचा उल्लेख डॉक्टरही संकोचाने करतात. कमरेचा सुती गोफ दिवसभर घाम पितो, रात्री ओला राहतो आणि कमरेभोवतीचा चट्टा नेमका त्याच्या रेषेत वाढतो. मनगटावरच्या धाग्यांचं तेच. श्रद्धा जपायची असेल तर उपचार संपेपर्यंत काढून ठेवा आणि नंतर नवा बांधा. चांदीचा चालत असेल तर तो रोज धुता-पुसता येतो.

पायाच्या चिखल्या आणि जांघेतला नायटा दोन्ही असतील तर आधी मोजे घाला, मग चड्डी. पाय चड्डीतून जाताना बुरशी वर नेतात, म्हणून हा क्रम. भातलावणीच्या दिवसांत संध्याकाळी पाय धुऊन बोटांच्या बेचकीत सुती फडकं फिरवा, मगच मलम. गमबूट रात्री उलटे करून निथळत ठेवा.

घरातल्या एकाला उपचार आणि बाकीच्यांना ‘माझं एवढंसंच आहे’ असं चालत नाही. ज्याच्या अंगावर एक जरी गोल असेल त्याने त्याच दिवशी सुरू करावं. मुलाच्या डोक्यात केस गळालेला खवलेदार चट्टा असेल तर घरच्या मांजराच्या किंवा कुत्र्याच्या अंगावरही तसे टक्कल पडलेले ठिपके आहेत का ते बघा. डोक्यातल्या नायट्याला नुसतं मलम पुरत नाही, गोळी किंवा पातळ औषध लागतंच. नखांचंही तसंच.

गोळ्या कधी? चट्टे अनेक जागी असतील, मलम महिनाभर नीट लावूनही हटत नसतील, मधुमेह असेल किंवा स्टेरॉइडची लांब पार्श्वभूमी असेल तेव्हा. सध्या भारतात इट्राकोनॅझोलवर जास्त भिस्त आहे. त्याची साधी कॅप्सूल भरल्या पोटी घ्यावी लागते. सोबत ॲसिडिटीची गोळी घेतली तर ते नीट शोषलंच जात नाही, आणि हा घोटाळा फार सर्रास होतो. हृदय कमकुवत असलेल्यांना ते चालत नाही, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी त्याचं जमत नाही, गरोदरपणात टाळतात. म्हणून शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून ते घेऊ नका. गरोदर स्त्रीने मलमही डॉक्टरांना विचारूनच लावावं. सहसा क्लोट्रिमॅझोल सुचवलं जातं.

परदेशात राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. इंडोटिनी आता भारतापुरती राहिलेली नाही. अमेरिकेत तिचे पहिले रुग्ण २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधून नोंदवले गेले. तिथले डॉक्टर सवयीने टर्बिनाफिन देतात. सुट्टीत भारतात जाऊन आलात आणि परतल्यावर चट्टा उठला, तर प्रवासाचा उल्लेख करा, भारतात कोणतं मलम लावलं होतं त्या ट्यूबच्या मागच्या बाजूचा फोटो दाखवा आणि बुरशीची जात ओळखण्याची चाचणी करता येईल का ते विचारा. क्लोट्रिमॅझोल आणि बेटामेथासोन यांचं मिश्रण तिकडेही लिहून दिलं जातं. वर दिलेली घटक वाचण्याची रीत तिथेही तशीच लागू आहे.